ज्वारीची बाळं

एसटी येईपर्यंत माय माझ्यावर तीनदा खेकसली. एकदा भांग वाकडा निघाला म्हणून, एकदा ट्रंकेची कडी नीट बसली नव्हती म्हणून, आणि तिसऱ्यांदा मी रडत नव्हते म्हणून. मी अकरा वर्षांची होते. अजिंठ्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून आमचं गाव. गावाला स्टँड नव्हता. लिंबाखाली उभं राहायचं आणि गाडी दिसली की हात करायचा. माझे वडील, नाना, गावच्या शाळेत मास्तर होते. पोरीला इंग्रजी शाळेत घालायचं हे त्यांनी ठरवलं होतं, आणि औरंगाबादला छावणीत मावशी राहत होती म्हणून मला तिच्याकडे ठेवायचं, हेही. मावशीवर माझा भार पडू नये म्हणून मायने ज्वारीचं एक गाठोडं बांधून दिलं होतं. ते ट्रंकेपेक्षा जड होतं.

गाडी हलली तशी मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. माय गाडीबरोबर चार पावलं चालत आली आणि म्हणाली, "डोकं आत घे, येडे. फांदी लागंल."

त्यानंतर कितीतरी वर्षं माय मला रागावली नाही. मला वाटायचं, मी मोठी झाले म्हणून.

रेवा, कबीर, तुमची आजी हे तुम्हाला लिहिते आहे त्याला कारण आहे. नर्सेससाठी मी फोनवर जे धडे करते आहे, जन्मलेल्या बाळाला कसं धरायचं, कसं पुसायचं, बाळंतिणीला पहिल्या दिवशी पाजायला कसं बसवायचं, ते तुम्ही दोघं डब्लिनला बसून नीटनेटके करून देता. रेवा नको तो भाग कापते, कबीर आवाज साफ करतो. खेड्यापाड्यांतल्या आरोग्य केंद्रांवरच्या मुली हे धडे पाहतील आणि जसं पाहतील तसे त्यांचे हात चालतील. याचीच मला भीती आहे. पूर्वी एकदा मी अशीच शिकवायची साधनं केली होती आणि त्यांत एक चूक होती. वर्षभर ती मला कोणी सांगितली नाही. एका बाळाच्या जिवावर बेतलं तेव्हा कळली. तुमच्या आईलाही ही हकिकत मी अर्धीच सांगितलेली आहे. आता पूर्ण सांगते, आणि क्रमाने सांगते. मला क्रम लागतो हे तुम्ही जाणताच.

छावणीतलं मावशीचं घर दोन खोल्यांचं. शाळेत सगळं इंग्रजीत, गल्लीत दखनी, घरात मराठी. पहिले काही महिने मी कोणत्याच भाषेत धड बोलत नव्हते. शेजारच्या खाला दारातून रोज विचारायच्या, "क्या बेटी, इस्कूल को नै गये आज?" आणि मी दप्तर पाठीला लावूनच उभी असायचे. हळूहळू सगळं जमलं. इंग्रजी कविता पाठ झाल्या, रुमालाची चौकोनी घडी घालता येऊ लागली, आणि वहीला समास सोडल्याशिवाय मला चैन पडेना. आजही पडत नाही.

पहिल्या दिवाळीला गावी गेले तेव्हा मी मायला सुधारायला घेतलं. "माय, 'नाय' असं म्हणायचं नसतं. 'नाही' म्हणायचं." माय हसली. म्हणाली, "बरं बाई." नाना कौतुकाने बघत होते. मला वाटलं मी काहीतरी चांगलं केलं.

पण त्यानंतर माय माझ्यासमोर तोलून बोलायला लागली. आधी माझी भाकरी तव्यावर टाकताना फाटली की ती उलथन्याची उलटी बाजू मनगटावर मारायची. आता मी परातीजवळ बसले की म्हणायची, "ऱ्हाऊ दे, हात भाजंल." उन्हाळ्याच्या सुटीत गेले तर मला बसायला पाट मांडलेला. लाडू वळता वळता तिने विचारलं, "तुमच्यात यात काय घालतात गं?" तुमच्यात म्हणजे छावणीत, जिथे तिची सख्खी धाकटी बहीण राहत होती. मी बारा वर्षांचीही नव्हते आणि आईच्या घरी पाहुणी झाले होते. तेव्हा मला ते आवडलं, हे खरं सांगायला हवं. पाटावर बसायला कोणाला आवडत नाही?

पुढे मी नर्सिंगला गेले. नानांना मी डॉक्टर व्हावं असं वाटत होतं, पण मला वॉर्डातली शिस्त आवडली, पांढऱ्या चादरीचे कोपरे आवडले. शिक्षण सगळं इंग्रजीतच. आमच्या ट्यूटर अन्नम्मा सिस्टर केरळच्या, कडक, आणि हिंदी बोलताना त्यांना स्वतःलाच हसू यायचं. आमच्या वर्गाच्या कोपऱ्यात काचेचं कपाट होतं आणि त्यात बाळाचं एक रबरी मॉडेल. आम्ही त्याला डमी म्हणायचो. ते परदेशातून आलेलं आणि महाग, त्यामुळे कपाटाला कुलूप. तपासणीला साहेब आले की बाळ बाहेर यायचं, पुसलं जायचं, साहेबांनी मान हलवली की पुन्हा आत. परीक्षेत काचेवर बोट ठेवून आम्ही त्याचे अवयव सांगायचो. तीन वर्षांत मी त्याला एकदाही हात लावला नाही. बाळ धरायला आम्ही उशीवर शिकलो, आणि खरं बाळ पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मी ते उशीसारखंच धरलं. अन्नम्मा सिस्टर म्हणाल्या, "ये सोएगा नहीं तुम्हारे सिर के नीचे. ठीक से पकड़ो."

लग्न झालं, तुमची आई झाली, नोकरी वॉर्डातून शिकवण्याकडे वळली. माझ्याकडे एएनएमच्या मुली यायच्या. खेड्यातल्या केंद्रावर डॉक्टर नसताना एकटीने बाळंतपण निभावणाऱ्या त्या याच. आईला सांभाळायचं, बाळाला सांभाळायचं, आणि बाहेर बसलेल्या सासूलाही. त्यांना शिकवायला मी जिथे जाई तिथेही एक डमी असायची, तिथेही कपाट आणि तिथेही कुलूप. किल्ली नेमकी रजेवर गेलेल्या क्लार्ककडे.

मग मीच बाळं शिवायला घेतली.

जुन्या सुती साड्या होत्या. आत काय भरायचं याचा मी खूप विचार केला. कापूस भरला तर वजन येईना, वाळू भरली तर शिवणीतून गळायची. शेवटी ज्वारी भरली. ज्वारीचं बाळ हातात घेतलं की आतले दाणे सरकतात आणि अंग हाताच्या आकाराचं होतं, जिवंत बाळासारखं. तुमचे आजोबा स्वयंपाकघरात तराजू धरून बसले. काही बाळं अडीच किलोची केली, काही दीड किलोची. दीड किलोचं बाळ पहिल्यांदा हातावर ठेवलं की बडबड्या मुलीही गप्प व्हायच्या. पुस्तकात वजन वाचणं वेगळं आणि ते तळहातावर येणं वेगळं.

एकच गोष्ट मला खटकत होती. बाळाचं डोकं मोठं आणि जड असतं, तसंच मी केलं होतं, पण उचललं की ते मागे लोंबकळायचं. टेबलावर ठेवलं की एका बाजूला कलंडायचं. मला ते बघवेना. गबाळं दिसायचं. म्हणून मी प्रत्येकाच्या मानेत जाड कापडाची घट्ट गुंडाळी घातली आणि वरून दुहेरी टाका मारला. आता कसंही ठेवा, डोकं सरळ आणि जागच्या जागी. आजोबा म्हणाले, "आता दुकानात मांडण्यासारखं झालं." मी त्याला शाबासकी समजले.

अशी छत्तीस बाळं केली. प्रत्येकाबरोबर वीस पानांची एक पुस्तिका, मराठीत, चित्रं माझ्याच हातची. बाळ रडलं नाही तर काय करायचं, ते नवव्या पानावर. आधी कोरडं करा, पाठ चोळा. तरीही श्वास घेतला नाही तर उताणं ठेवा, खांद्यांखाली कापडाची घडी घाला, डोकं किंचित मागे जाईल असं ठेवा, म्हणजे श्वासाची वाट मोकळी होते. मग तोंडानाकावर मास्क लावून हवेचा फुगा दाबा. मजकूर सगळा बरोबर होता. डोक्याच्या स्थितीखाली मी पट्टीने रेघसुद्धा मारली होती.

बाळं केंद्रांवर पोचवायला मी स्वतः गेले. आमच्या गावच्या केंद्रासाठी दोन होती. जाताना घरी थांबले. नाना तेव्हा नव्हते, माय एकटीच ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिने शेंगांची टोपली बाजूला सारली, बाळ मांडीवर घेतलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मानेशी तिचा हात जरा थांबला. मग म्हणाली, "चांगलं केलंस बाई. लई बारीक शिवलंस." मी खूश होऊन चहा पिऊन निघाले.

वर्षभर सगळ्यांनी वाहवा केली. वरच्या ऑफिसातून निरोप आला की ही बाहुली सगळीकडे द्यायचा विचार आहे, साहेबांसमोर दाखवायला एक नमुना तयार ठेवा. मी सगळ्यांत सुबक बाळ निवडून त्याला इस्त्री केलेलं झबलं घातलं.

त्याच आठवड्यात संगीता आली. शेंद्र्याच्या पुढच्या एका गावातल्या केंद्रावर ती नर्स होती. बुटकी, चटपटीत, वर्गात मागच्या बाकावर बसून टोमणे मारणारी. तिने बाजाराच्या पिशवीतून आपल्या केंद्राचं बाळ काढलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या बाळाची मान लई कडक हाय."

मी म्हटलं, "बस आधी. पाणी घे. काय झालं?"

तिने सांगितलं ते असं. भर दुपारी एक बाई आली होती, पहिलटकरीण. बाळ झालं आणि रडलं नाही. संगीताने शिकवलं होतं तसं सगळं केलं. पुसलं, पाठ चोळली, उताणं ठेवलं, मास्क लावला, फुगा दाबला. छाती हलेना. तिला वाटलं जोर कमी पडतोय, तिने अजून जोरात दाबलं. तरी हलेना. बाळ निळं पडत चाललं होतं. बाहेरून त्याची आजी विचारत होती, "रडलं का गं? रडलं का?"

"मी मानेकडं बघितलंच नाय मॅडम," संगीता म्हणाली. "वर्षभर तुमच्या बाळावर हात बसवला. त्याची मान कधी हललीच नव्हती. ठेवलं की सरळ. खऱ्याची पार छातीवर आली व्हती, आन् मी नुसती दाबतीय."

मास्क निसटला, तो पुन्हा लावताना तिची करंगळी बाळाच्या हनुवटीखाली गेली आणि डोकं घरंगळलं. तेव्हा तिला कळलं. खांद्यावरचा नॅपकिन ओढून तिने घडी केली, बाळाच्या खांद्यांखाली सारली, डोकं मागे झालं. फुगा दाबला. छाती वर आली. मग पुन्हा. मग बाळ रडलं. "मांजरावाणी," ती म्हणाली. "पण रडलं."

किती वेळ गेला असेल, असं मी विचारलं. ती म्हणाली, घड्याळ बघायला हात मोकळा नव्हता.

यानंतर मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "पण नवव्या पानावर स्पष्ट लिहिलंय, संगीता. खाली रेघ मारलीय."

"व्हय. पाठ हाय मला ते पान. म्हणू का?" आणि तिने ते उभ्या उभ्या म्हणून दाखवलं, कुठेही न अडखळता, स्वल्पविरामांसकट. मग म्हणाली, "पानावर हाय मॅडम. हातात नव्हतं."

मी बाळाची मान दाबून पाहिली. गुंडाळी दगडासारखी लागली. माझ्याच बोटांनी घातलेली. मी हळू आवाजात विचारलं, "बाळाची मान अशी नसते हे तुला कधी जाणवलं नाही का गं?"

"जाणवलं की. सगळ्या पोरींना जाणवलं. आमी हसायचो बी. म्हणायचो, मॅडमचं बाळ मॅडमवाणीच, जरा बी ढिलं पडत नाय."

"मग सांगितलं का नाही?"

संगीताने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी भलतंच विचारलं. "तुमाला कोण सांगणार? तुमी शिकवणाऱ्या."

ते बाळ जगलं. आधी मोठ्या दवाखान्यात काही दिवस राहिलं, मग घरी आलं. मी नंतर जाऊन पाहिलं, आईच्या मांडीवर पाय झाडत होतं आणि त्याची आजी मला कुरडया खायचा आग्रह करत होती. मी एकही खाल्ली नाही. तिला वाटलं शहरातल्या बाईला आवडल्या नाहीत.

मी ऑफिसात जाऊन सांगितलं की नमुना दाखवू नका. मग सगळ्या केंद्रांना पाठवायचं पत्र लिहिलं: माझ्या बाहुलीची मान चुकीची आहे, त्यावर केलेला सराव चुकीचा झाला आहे, दुरुस्त करून देईपर्यंत ती वापरू नये. टाइप करणारे क्लार्क भले गृहस्थ होते. म्हणाले, "मॅडम, चुकीची कशाला? सुधारणा करण्यात येत आहे, असं घालू." मला क्षणभर मोह झाला. पण 'सुधारणा' वाचून कोणी बाळ कपाटात ठेवलं नसतं. 'चुकीची' हाच शब्द राहिला.

मग कात्री, सुई, दोरा आणि डब्यात जादा ज्वारी घेऊन मी एसटीने फिरायला लागले. प्रत्येक केंद्रावर बाळाची मान उसवायची, गुंडाळी काढायची, तिथे दाण्यांची सैल नळी शिवायची, डोकं पडू द्यायचं, आणि मग तिथल्या मुलीकडून दहा वेळा खांद्याखाली घडी ठेवून घ्यायची. एका ठिकाणी उंदरांनी बाळाचा एक पाय रिकामा केला होता. दुसरीकडे मी अंगणात उसवायला बसले तर कोंबड्या जमल्या. तिथली नर्स म्हणाली, "मॅडम, आमच्या कोंबड्यांना बी ट्रेनिंग पायजे." मुली माझ्यासमोर अशा मोकळ्या हसतात हे मी पहिल्यांदा पाहत होते. इतकी वर्षं त्या मी वर्गाबाहेर गेल्यावर हसत असणार.

आमचं गाव मी मुद्दाम शेवटी ठेवलं. मायला काय सांगायचं ते ठरत नव्हतं. शेवटी ओट्यावर बसून, उसवता उसवता सगळं सांगितलं. माय ऐकत होती. तिला आता कमी दिसायचं, पण ऐकू सगळं यायचं. माझं सांगून झालं तेव्हा म्हणाली, "मी पयल्या दिशीच बघितलं व्हतं."

"काय?"

"मान. हात लावला तवाच कळलं. लाकडावाणी व्हती."

माझ्या हातातली कात्री थांबली. "मग बोलली का नाहीस, माय? पाच पोरांना न्हाऊ-माखू घातलंस तू. मला सांगायचं नाहीस?"

ती म्हणाली, "तू शिकलेली. मला वाटलं, शहरात तसंच शिकवत असतील. काहीतरी कारण असंल."

मी तिला 'नाही' म्हणायला शिकवलं होतं त्या दिवाळीपासून ती हेच करत आली होती. माझं काही वेगळं दिसलं, चुकीचं दिसलं, की तिला वाटायचं काहीतरी कारण असेल. माझं लग्न, माझी नोकरी, मुलीला पाचव्या महिन्यात पाळणाघरात ठेवणं, नाना आजारी असताना मी परीक्षेसाठी थांबणं. कितीदा तिचा हात असा मानेशी थांबला असेल आणि ती म्हणाली असेल, चांगलं केलंस बाई. मला वाटायचं मी घर सोडलं म्हणजे गाव सोडलं, लिंब सोडला, भाकरी सोडली. खरं तर मला रागवायचा हक्क मी मायच्या हातून काढून घेतला होता, आणि ते मला कळलंही नव्हतं.

मी म्हटलं, "आता सांग. काहीही चुकत असेल तर सांग."

तिने विश्वास ठेवावा की नाही असा चेहरा केला. मी पुन्हा शिवायला लागले. दोन टाके घातले नाहीत तोच तिने बाळ माझ्या हातातून ओढून घेतलं. "ही काय धरायची रीत? शिवताना बी डोस्क्याखाली हात ठिवावा. डोळे फुटले का तुझे?" आणि पन्नाशीच्या ट्यूटर बाईंनी मुकाट्याने हात बदलला.

मग दिवसभर ती थांबली नाही. चहा पांचट झाला. केस पिकले तरी तेल लावायला वेळ नाही. जावयाला एकट्याला टाकून आलीस, तो काय खात असंल? पदर नीट घे, कोण येतंय बघ. संध्याकाळच्या गाडीने निघायचं होतं, पण मी राहिले. रात्री जेवताना तिने पाट मांडला नाही. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले, आणि माझी भाकरी फाटली तेव्हा तिने ती सगळ्या घराला दाखवली. घरात आम्ही दोघीच होतो, तेव्हा मलाच दोनदा दाखवली.

माय गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं; पत्ता लिहिताना माझा हात अजून क्षणभर अडतो. तुमचे आजोबा गेले. तुम्ही इथून निघालात तेव्हा रेवा नऊ वर्षांची होती आणि कबीर पाचचा. विमानतळावर तुमच्या आईने मला वाकून नमस्कार केला, आणि मी तिच्या बॅगेची चेन नीट लागली आहे का ते पाहत राहिले, कारण दुसरं काही पाहायचं धैर्य नव्हतं.

आता मला ज्याची भीती वाटते ते सांगते. माझे धडे तुम्हाला मिळाले की तुमचं उत्तर येतं: "मस्त, आजी." "परफेक्ट, आजी." खाली एक लाल बदाम. पहिल्या धड्याला, दुसऱ्याला, नवव्यालाही. नऊ धडे मी बरोबर केले असतील असं होऊ शकत नाही. मी त्र्याहत्तर वर्षांची आहे, माझा हात थरथरतो, आणि फोनसमोर कसं बोलावं हे मला अजून नीट जमत नाही. तुम्ही प्रेमाने म्हणता हे मला ठाऊक आहे. मायही प्रेमानेच म्हणाली होती.

इथपर्यंत लिहून मी पानांचे फोटो काढले आणि तुम्हाला पाठवले. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, पण हे कागद पुढे कोणी वाचले तर त्यालाही कळावं म्हणून लिहिते. रविवारी दुपारी तुमचा फोन आला. रेवाने पानं मोठ्याने वाचून दाखवली होती कबीरला, त्याला माझं अक्षर लागत नाही म्हणून. आधी दोघंही इकडचं तिकडचं बोललात. मग कबीर म्हणाला, "आजी, एक विचारू? तू रागावणार नाहीस ना?"

"रागावेन कदाचित. विचार."

"सहाव्या व्हिडिओत तू सांगतेस ना, बाळाला थंडी लागू द्यायची नाही, लगेच गुंडाळायचं. तेव्हा ते ज्वारीचं बाळ तसंच पडलंय. टेबलावर. काही न घालता. चार मिनिटं. मी मोजलं."

मी टेबलावरच्या बाळाकडे वळून पाहिलं.

"तू बोलत राहतेस आणि मी फक्त त्या बाळाकडे बघतो. त्याला थंडी वाजत असेल ना?"

"हे तुला कधी दिसलं?"

"पहिल्यांदाच. तीन आठवडे झाले."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तू नर्स आहेस ना. मला वाटलं काहीतरी रीझन असेल."

रेवा मागून म्हणाली, "मलाही दिसलं होतं, आजी. सॉरी." आणि मग, "आणि चौथ्यामध्ये तू बाळंतिणीच्या पाठीशी उशी द्यायची म्हणतेस, पण देतच नाहीस. आणि तू फार फास्ट बोलतेस. आणि तो हिरवा पडदा काढ, सगळं आजारी दिसतं."

मी कागद-पेन्सिल घेतली आणि समास सोडून लिहायला लागले. अकरा चुका निघाल्या. शेवटी शेवटी तुम्ही दोघं एकमेकांना अडवून सांगत होतात आणि तुमची आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, तिला जेवू तरी द्या."

तुम्ही तिकडे गेल्यापासून लोक मला विचारतात, घर ओकं ओकं वाटत असेल नाही? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेत असे. आता विचारलं तर सांगेन की माझं घर थोडं डब्लिनला आहे, थोडं शेंद्र्याच्या पुढे, आणि मायचं होतं तेवढं गावात. ज्यांना माझं चुकलेलं दिसतं आणि जे ते गिळून टाकत नाहीत, तिथे मी पाहुणी नसते. तुमचं घरही मला तसंच असू द्या. मलाही तुम्हाला सांगू द्या. रेवा, तू फार कमी झोपतेस.

काल सहावा धडा पुन्हा केला. आधी बाळ कोरडं केलं, टोपी घातली, दुसऱ्या कोरड्या कापडात गुंडाळलं, आणि मगच तोंड उघडलं. पडदाही काढला होता. एकदा स्वतः पाहिला, समाधान वाटलं, पाठवून दिला. दहा मिनिटांत कबीरचा निरोप आला, या वेळी लाल बदाम नव्हता.

"आजी, टोपीतून एक कान बाहेर आहे."

मी चष्मा लावून पाहिलं. होता.